अत्तम्माची खिरापत

"बागेत फुलं तोडायला बंदी आहे," मौलाचाचा म्हणाले आणि गेटातच आडवे उभे राहिले.

"तोडायला आहे. आणायला नाही ना?" मी म्हणाले.

माझ्या पाठीवर पोतं, केसांत तरवडाच्या पिवळ्या पाकळ्या, चपलांना हा एवढा चिखल. सकाळपासून मी हैदराबाद रस्त्याच्या कडेने कुरडू आणि तरवड तोडत हिंडले होते, आणि घरी जायचा जवळचा रस्ता बागेतून होता. चाचा बागेचे रखवालदार. त्यांनी पोत्याचं तोंड उघडून आत डोकावून बघितलं.

"ह्याला काय फुलं म्हणायचं? रानातलं गवत हे."

"संध्याकाळी बघा ह्या गवताचं काय होतं ते."

"संध्याकाळी इथं माढेकर मॅडमचा हादगा आहे," चाचा म्हणाले. "रोजच असतो. आज तर अष्टमी."

मी पोतं घाईघाईने परत बांधलं. कारण परवानगी मागायची अजून राहिलीच होती. आमच्याकडे आधी फुलं आणायची आणि मग कुठे ठेवायची ते बघायचं, असा कारभार.

ही गोष्ट सोलापूरची, वीस-बावीस वर्षांपूर्वीची. आम्ही पद्मशाली, विणकर. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या भाषेत अत्तम्मा, नाव नरसम्मा, लग्न होऊन आल्यापासून पूर्व भागातल्या चाळीत राहिल्या. मागांचा खडखडाट आणि पुढे लांबलचक बोळ. नवरात्रात त्या बोळात बायका बतुकम्मा मांडायच्या, सगळ्यांत मोठी अष्टमीला. बतुकम्मा म्हणजे फुलांची गौर. ताटात फुलांचे थरावर थर रचत न्यायचे, वर हळदीची गौरम्मा बसवायची, भोवती टाळ्या वाजवत फेर धरायचा आणि शेवटी तिला पाण्यात सोडायचं. अत्तम्माने रचलेली बतुकम्मा उचलायला दोन बायका लागायच्या, असं चाळीत अजून सांगतात.

मग चाळ गेली आणि आम्ही ह्या नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर आलो. पहिल्या वर्षी अत्तम्माने गॅलरीत एवढीशी बतुकम्मा केली, स्टुलावर ठेवली, एकटीनेच भोवती फेऱ्या घातल्या आणि मोरीतल्या बादलीत सोडली. पुढच्या वर्षी केलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बादलीत सोडायला ती काय मासळी आहे का?" बस, एवढंच. पण अष्टमीला दिवसभर ती गॅलरीत उभी राहून खालच्या बागेकडे बघायची. बागेच्या मध्यावर एक छान गोल होता, हिरवळीचा, कडेला कारंज्याचा हौद. तिथे माढेकर काकूंचा हादगा रंगायचा. "त्यांची बाग लई चांगली आहे," अत्तम्मा म्हणायची. महानगरपालिकेची बाग, पण ती नेहमी त्यांची म्हणायची.

मला ते सहन व्हायचं नाही. मी आधीच लवंगी मिरची. यंदा अत्तम्माची बतुकम्मा त्या गोलात बसलीच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं होतं, आणि वसाहतीतल्या आमच्या सगळ्या बायकांना सांगूनही बसले होते. त्याही माझ्यासारख्याच, चाळीतून फ्लॅटात आलेल्या. त्या म्हणाल्या, आम्ही लहान लहान बतुकम्मा करतो. अत्तम्मा म्हणाली, "नैवेद्य माझ्याकडे. कुणी काही आणायचं नाही."

किती दिवसांनी तिचा तसा आवाज ऐकला होता मी.

पोतं घरात टाकलं, अत्तम्मा पदर खोचून फुलांसमोर बसली, आणि मी तशीच चिखलाच्या चपलांनी माढेकर काकूंकडे गेले. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, बाग समितीच्या अध्यक्ष. उंच, सरळ, बोलताना चष्म्याच्या वरून बघायच्या.

"पद्मजा, अगं आज शेवटच्या दिवसांतला हादगा. गोल एकच आहे. तुमचं कुठे मांडणार?"

"तुमचं झालं की नंतर."

"नंतर अंधार होतो. आणि तुमचं ते पाण्यात सोडायचं असतं ना? हौद तुंबला की मला फोन येतात. आज तुम्हाला हो म्हटलं की उद्या आणखी कुणी येईल. मी कुणाकुणाला नाही म्हणू?"

"मग कुणालाच म्हणू नका," मी म्हणाले.

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. मला कळलं, जीभ जरा जास्तच चालली. पण तोपर्यंत त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि शाळेतल्या बाईंनी एकदा नाही म्हटलं की नाहीच असतं.

घरी आले तर चिंच भिजत घातलेली, तीळ भाजून ताटलीत, तांदूळ धुऊन ठेवलेला. आणि ताटात फुलांचे चार थर लागलेले, पिवळा, पांढरा, गुलाबी रंगवलेला कुरडू, पुन्हा पिवळा. अत्तम्माने माझ्या तोंडाकडे बघितलं. उठली, हात धुतले. चिंचेचं पाणी मोरीत ओतलं. तीळ डब्यात भरून ठेवले, तांदूळ सुपात पसरला, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"अत्तम्मा, मी बघते ना काहीतरी."

"बघू नकोस. त्यांची बाग आहे. आपण चाळीतली माणसं."

राग असा आला की काय सांगू. काकूंचा आला, माझा आला, त्या तिसऱ्या मजल्याचा आला. मी फतकल मारून बसले आणि उरलेली बतुकम्मा स्वतःच रचली. रागाने रचलेली बतुकम्मा कशी होणार? एका बाजूला कलली ती. दुपारभर मी एकीकडे फुलं लावत होते आणि एकीकडे ती टेकू देऊन उभी करत होते. आमच्या बायकांना येऊ नका म्हणून सांगायला हवं होतं, तेही केलं नाही. म्हटलं, येऊ देत. गॅलरीत तर गॅलरीत.

उन्हं उतरायला लागली तशी खालून हादग्याची गाणी सुरू झाली. मी गॅलरीत गेले. आणि बघते तर काय, त्या एवढ्या मोठ्या गोलात पाटावर रांगोळीने काढलेला हत्ती, आणि भोवती मोजक्या सहा-सात बायका. फेर जुळेना. हात ताणताहेत, एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. सगळ्या तरण्या पोरी मोठ्या मैदानावर गरब्याला गेलेल्या, तिथे लाइटिंग होतं, बक्षिसं होती. काकू खड्या आवाजात गात होत्या आणि पलीकडून झेलणारं कुणी नव्हतं.

मी जिने उतरले की उड्या मारल्या, आठवत नाही.

"काकू," मी धापा टाकत म्हणाले, "फेर धरायला बायका हव्यात का?"

काकूंनी गाणं थांबवलं. "कुणाच्या?"

"आमच्या. तुमची गाणी येतात मला, शाळेत मी हादगाच खेळलेय. बाकीच्या टाळ्या देतील. आधी तुमच्या हत्तीभोवती आम्ही, मग आमच्या बतुकम्माभोवती तुम्ही. अंधार पडायच्या आत सगळं."

काकूंनी आपल्या सहा-सात बायकांकडे बघितलं. त्यातली एक म्हणाली, "हो म्हणा हो माढेकर काकू, माझे खांदे निखळले." अडला हरी, दुसरं काय. काकू म्हणाल्या, "हत्ती हलणार नाही. खिरापत होईपर्यंत हत्ती उचलत नाहीत."

"नका हलवू."

"आणि हौदाचं चाचांना विचारा."

चाचा तिथेच शिट्टी गळ्यात घालून उभे होते. म्हणाले, "सोडा. सकाळी काढून खताच्या खड्ड्यात टाकीन. गवत तर आहे."

मी खालूनच हाका मारायला सुरुवात केली. तेलुगूत. अख्ख्या वसाहतीने ऐकलं असेल. गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली, दारं वाजली, आणि बायका आपापली ताटं घेऊन जिने उतरायला लागल्या. मी वर धावले. अत्तम्मा उठून बसली होती.

"चल, बाग मिळाली."

"खोटं बोलायलीस."

"खाली बघ."

तिने गॅलरीतून बघितलं. मग ती जी काय हलली! केस बांधले, हिरवं इरकल काढलं, माझ्या कललेल्या बतुकम्माकडे बघून कपाळावर हात मारला आणि उभ्या उभ्या वरचे दोन थर काढून परत रचले. हळदीची गौरम्मा बसवली. मी साडी बदलायला आत गेले. बाहेर आले तर अत्तम्मा दारात उभी, काखेत मोठा पितळी डबा, वरून पंचा गच्च बांधलेला.

"आण, मी घेते," मी म्हणाले.

"तू बतुकम्मा घे डोक्यावर. डबा माझा मी घेते."

बागेत आधी हादगा झाला. आणि काय झाला म्हणून सांगू. आमच्या बायकांना शब्द येत नव्हते, पण फेर शिकवावा लागला नाही. टाळी कुठे पडते ते पायांना कळतं. गोल भरला, मग फुगला, मग हिरवळीच्या बाहेर गेला. काकूंचा आवाज चढला. फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली, भेळवाला गाडी सोडून कुंपणाशी आला.

मग आमची पाळी आली. अत्तम्मा ताट घेऊन गोलात गेली आणि हत्तीसमोर थबकली. सगळ्याजणी बघत होत्या. तिच्या देवीच्या जागी दुसऱ्याचं काहीतरी मांडलेलं होतं. मला वाटलं, आता ही परत फिरते की काय.

अत्तम्माने वाकून हत्तीला नीट बघितलं, त्याची सोंड, त्याच्या पाठीवरची फुलं. म्हणाली, "असू दे. लक्ष्मीच्या शेजारी हत्ती असतोच." आणि बतुकम्मा अगदी त्याला खेटून ठेवली.

तिने पहिली ओळ उचलली. तीन वर्षं मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. आमच्या गाण्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी उय्यालो, म्हणजे झोपाळा, हा एकच शब्द येतो, दोन फेऱ्यांत तो काकूंच्या बायकांनी उचलला. अत्तम्मा मध्ये वाकून टाळी देत होती, उठत होती, फिरत होती. तिचे गुडघे दुखतात हे ती विसरली होती आणि मीही. मला तेव्हा जो आनंद झाला तो परत फार कमी वेळा झाला. लेकरं झाली तेव्हा झाला होता, तेवढा.

फेर थांबला. बतुकम्मा हौदात सोडल्या. पिवळी, गुलाबी फुलं पाण्यावर पसरली आणि चाचा स्वतः हाताने त्यांना मध्यावर ढकलत होते. अत्तम्मा बाकावर जाऊन बसली, डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. आणि तेवढ्यात हादग्यातल्या दोघी-तिघी तिच्याकडे धावल्या.

"आजी, थांबा. उघडू नका. आधी आम्हाला सांगा, तिखट आहे का गोड?"

"ओलं आहे का सुकं?"

"हलवून बघू का?" एकीने डब्याला हातच घातला.

अत्तम्माने डबा पोटाशी ओढला. तिचा चेहरा उतरला. ती तेलुगूत मला म्हणाली, "माझा डबा तपासायलेत का ह्या? आमचं अन्न चालतं का नाही ते बघायलेत?" आणि उठलीच. "चल घरी."

चाळीच्या मालकिणीने एकदा तिची थाळी न उघडता बाजूला सारली होती, ती गोष्ट मला माहीत होती. मी आडवी झाले.

"अत्तम्मा, तसं नाही. खेळ आहे हा. हादग्याची रीत. जिने आणलंय तिने झाकून ठेवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही."

"उघडायचं नाही?"

"ओळखेपर्यंत नाही."

"कुणी ओळखलंच नाही तर?"

"अजून तसं कधी झालेलं नाही," मी म्हणाले.

अत्तम्मा हळूच परत बसली. पंच्याची गाठ तपासली. आणि मला म्हणाली, "मग विचारू देत त्यांना."

सगळ्या भोवती गोळा झाल्या. काकूसुद्धा आल्या, कमरेवर हात ठेवून.

"तिखट?"

"नाही," अत्तम्मा मराठीत म्हणाली.

"गोड?"

"नाही."

"आंबट असणार. चिंचेचा भात. तुमच्यात करतात."

"नाही."

आमच्या बायकांना वाटलं होतं चिंचेचा भातच असणार. त्याही चकित झाल्या आणि खेळात उतरल्या. कुणी म्हणालं दहीभात, कुणी म्हणालं तिळाचा भात, कुणी सातूचं पीठ. अत्तम्मा मान हलवत होती आणि तिच्या डोळ्यांत हळूहळू असं काही चमकायला लागलं होतं की मला तिचं तरुणपण दिसलं.

"डबा वाजवा," काकू म्हणाल्या.

अत्तम्माने डबा कानाशी धरून हलवला. आवाज नाही.

"उपासाला चालतं?"

"एकदम चालतं."

"मग साबुदाणा. भगर. रताळं." सगळं नाही. "पचायला हलकं का जड?"

"जड," अत्तम्मा म्हणाली. "लई जड."

"तुम्ही सणालाच करता का एरवीही?"

"लहानपणी रोज हेच असायचं आमच्यात," अत्तम्मा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिची नजर हसायची थांबली. मग परत हसली. "बोला, बोला."

आता सगळी बाग जमली होती. भेळवाला कुंपणावरून ओरडला, "फुटाणे." चाचा म्हणाले, "खजूर." नाही, नाही. शेवटी ती खांदे निखळलेली बाई म्हणाली, "हरलो आजी. उघडा आता, भूक लागली." आणि मागून सगळ्यांनी एकच गलका केला, उघडा, उघडा. कुणीतरी पंच्याची गाठ सोडायला वाकलं. अत्तम्माचे दोन्ही हात झाकणावर घट्ट आवळलेले. मला कळेना, आता काय झालं हिला. तिच्या कपाळावर घाम दिसला.

"थांबा," माढेकर काकू म्हणाल्या.

त्यांचा तो शाळेतला आवाज. गाठीवरचा हात मागे गेला.

"हरलो कोण म्हणतंय? मी नाही हरले. अजून ओळखलेलं नाही, तर झाकण उघडायचं नाही. रीत म्हणजे रीत. पुढच्या वर्षी अष्टमीला हाच डबा इथे, ह्याच गोलात, परत आणायचा. ओळखल्याशिवाय मी सोडणार नाही." मग अत्तम्माकडे वळून म्हणाल्या, "याल ना आजी?"

"येईन की," अत्तम्मा म्हणाली. आवाज जरा घोगरा होता.

मला काकूंचा असा राग आला. माणसांच्या तोंडचा घास काढून घेतला आणि वर रीत सांगतात. पण त्यांनी लगेच आपला डबा पुढे केला. आमच्यातल्या एकीने नुसत्या वासाने ओळखला, शेंगाची पोळी, आणि सगळ्यांनी हिरवळीवर बसून पोटभर खाल्ली. अत्तम्मानेही, डबा काखेतून न काढता.

जिना चढताना मी म्हणाले, "आता तरी सांग. काय केलंस एवढ्यात? गॅस तर बंद होता."

अत्तम्मा पहिल्या मजल्यावर थांबली. गाठ सोडली आणि झाकण उघडून डबा माझ्यापुढे धरला. आत काही नव्हतं. पितळेचा तळ चकाकत होता.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" ती म्हणाली. "तू हाक मारलीस तेव्हा भात शिजवायला वेळ कुठे होता? गौरम्मासोबत रिकाम्या हाती कसं जायचं? डबा घेतला. वाटलं, गर्दीत कोण विचारतंय."

मी जिन्यातच बसले आणि हसायला लागले. उपासाला चालतं. पचायला जड. मग लहानपणी रोज हेच असायचं, ते आठवलं आणि हसू तिथेच थांबलं. अत्तम्माने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"एक शब्द खोटा बोलले नाही मी," ती म्हणाली. "आणि बघ, पुढच्या वर्षाची बाग मिळाली. सगळ्यांना फसवलं."

पुढच्या अष्टमीला तिने पहाटे उठून पाच तऱ्हेचे भात केले. डबा इतका दाबून भरला होता की तो हलवून वाजेना. बागेत ह्या वेळी आमच्या आणि त्यांच्या बायकांत कोण कुठली ते लांबून ओळखू येत नव्हतं. पहिल्याच फटक्यात कुणीतरी चिंचेचा भात म्हणालं आणि अत्तम्माने थाटात झाकण उघडलं. "मागच्या वर्षी पण हाच होता का आजी?" कुणीतरी विचारलं. "मागच्या वर्षीचं मागच्या वर्षी," अत्तम्मा म्हणाली आणि वाढायला लागली.

मी काकूंना भाताचं पान द्यायला गेले. त्या हौदाजवळ एकट्या उभ्या होत्या.

"मागच्या वर्षी डबा रिकामा होता ना गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी पान हौदाच्या कठड्यावर ठेवलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"उपासाला चालतं म्हणाल्या तेव्हा शंका आली. रोज हेच असायचं म्हणाल्या तेव्हा खात्री झाली." काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. "माझ्याही माहेरी ते असायचं कधी कधी."

"मग तिथेच बोलला का नाहीत?"

"बोलले असते," काकू म्हणाल्या, "तर यंदा त्या आल्या असत्या का?"

पलीकडे अत्तम्मा कुणालातरी दटावत होती, "अगं घे की अजून. आपल्या बागेत लाजायचं काय?" त्यानंतर ती आणखी नऊ अष्टम्या खेळली, आणि दर वर्षी जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबून मला आठवण करून द्यायची, माढेकर बाईंना कसं फसवलं होतं ते. मी दर वर्षी हसायचे. काकूंचं मी तिला कधीच सांगितलं नाही.